काकाकुवा आणि बजरीगार एकाच घरात: लहान पक्ष्यांना पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमा कशा थांबवाव्यात

पावसाळा तोंडावर आला आणि पडवीतले पिंजरे ओटीवर किंवा माजघरात घेतले, की काकाकुवा आणि लहान पक्षी अशा दोघांनाही सांभाळणाऱ्या घरांत एक तक्रार हमखास सुरू होते. पिंजरे वेगळे आहेत, दोघांना कधी एकत्र सोडलेले नाही, तरीही एखाद्या सकाळी बजरीगाराचे, म्हणजे बाजारात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान पोपटाचे, नख उपटलेले असते, बोट चेचलेले असते किंवा कॉकटेल या लहानशा तुरेवाल्या पोपटाच्या शेपटीची पिसे मुळापासून कापलेली सापडतात. जखमेवर औषध लावले जाते, पिंजरा हातभर सरकवला जातो, काकाकुव्याला चार शब्द सुनावले जातात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तोच प्रकार घडतो.

असे घडत राहण्याचे कारण हे की प्रत्येक वेळी जखम बरी केली जाते. लहान पाय आणि मोठी चोच जिथे एकमेकांना गाठतात ती जागा मात्र तशीच राहते. ती जागा शोधून कायमची बंद करणे हाच टिकाऊ उपाय आहे, आणि ती कशी शोधावी हे पुढे सविस्तर सांगते. शिस्त लावून, लळा लावून किंवा दोघांची मैत्री जमवून हा प्रश्न सुटत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

पांढऱ्या शुभ्र, छत्रीसारख्या तुऱ्याच्या काकाकुव्याचे वजन अर्ध्या किलोच्या वर भरते. बजरीगार तीस ते चाळीस ग्रॅमचा असतो आणि झेब्रा फिंच तर बारा-पंधरा ग्रॅमचा. ज्या चोचीने इंडोनेशियातल्या हल्माहेरासारख्या बेटांवरच्या जंगलात कठीण कवचाची फळे फोडली जातात, त्या चोचीने नुसते चाचपून पाहिले तरी बजरीगाराचे बोट चेचले जाते. काकाकुवा नव्या वस्तूची ओळख चोच आणि जीभ यांनीच करून घेतो. त्यामुळे यातल्या पुष्कळ जखमांमागे राग नसतो, कुतूहल असते. परंतु ज्याचे बोट गेले त्याच्यासाठी दोन्हींत काही फरक नाही, आणि उपाय ठरवतानाही आपण काकाकुव्याच्या हेतूवर विसंबून राहू नये.

आधी रक्त थांबवावे

पक्ष्याच्या शरीरातले रक्त त्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के असते. पस्तीस ग्रॅमच्या बजरीगारात ते जेमतेम साडेतीन मिलिलिटर भरते, म्हणजे एका लहान चमच्याहूनही कमी. निरोगी पक्ष्याला वजनाच्या एक टक्क्यापर्यंतचा रक्तस्राव सहसा सोसतो आणि बजरीगाराच्या बाबतीत हे प्रमाण सहा-सात थेंबांचे आहे. म्हणून ट्रेमधल्या कागदावर रक्ताचे चार डाग दिसले तरी ते किरकोळ समजू नयेत.

पक्ष्याला मऊ रुमालात धरावे, परंतु छातीवर दाब देऊ नये, कारण पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढे-मागे हलल्यावाचून त्यांचा श्वास चालत नाही आणि घट्ट आवळलेला पक्षी हातातच गुदमरतो. जखमेवर स्वच्छ गॉज दोन-तीन मिनिटे सलग दाबून धरावा आणि सारखा उचलून पाहू नये. केवळ नख तुटले असेल तर नखाच्या टोकावर कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा दाबल्याने रक्त थांबते. उघड्या मांसावर मात्र तुरटी, चुना किंवा तेलकट मलम लावू नये. तेलाने पिसे चिकटतात आणि शरीराची ऊब टिकत नाही. माणसांसाठीच्या काही मलमांत जागा सुन्न करणारी औषधे असतात, तीही लहान पक्ष्यांना घातक ठरू शकतात. नंतर पक्ष्याला खालच्या दांडीवर किंवा कापड अंथरलेल्या खोक्यात, मंद उजेडात आणि उबेत ठेवावे.

चोचीला इजा झाली असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. बजरीगारासारखा लहान पक्षी उपाशी राहून फार काळ तग धरू शकत नाही आणि चोच दुखावलेला पक्षी दाणा सोलू शकत नाही. आपल्याकडे कोकणात तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत बहुतेक काम गाई-म्हशींचे असते, आणि पक्ष्यांची सवय असलेला डॉक्टर गाठायला कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा पणजीकडे जावे लागते. घाटात दरड कोसळली की तीही वाट बंद होते. म्हणून आगोटीची तयारी करताना अशा एका डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे, पक्ष्यांची वजने लिहून ठेवावीत आणि फोनवरून सल्ला मिळेल का, हे विचारून घ्यावे.

जखमेची जागा काय सांगते

रक्त थांबल्यावर लगेच काकाकुव्यावर खापर फोडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण कोकणातल्या घरात लहान पक्ष्याच्या पायाला इजा करणारे आणखी पुष्कळ आहेत. सांडलेल्या राळ्यांच्या वासाने वाशांवरून उतरणारे उंदीर हे त्यांतले पहिले. ते रात्री येतात, झोपलेल्या पक्ष्याची जाळीबाहेर आलेली बोटे कुरतडतात, आणि सकाळी ट्रेच्या कडेला लेंड्या किंवा दाण्यांचा पसारा दिसतो. मांजराचा पंजा लागला असेल तर ओरखडा किती लहान आहे हे पाहत बसू नये. मांजराच्या नखांतले आणि लाळेतले जंतू पक्ष्याला एक-दोन दिवसांत संपवतात, त्यामुळे त्याच दिवशी औषध सुरू व्हावे लागते. बजरीगारांच्या माद्या घरट्याच्या हंगामात आपापसांत कडाक्याने भांडतात आणि तेव्हा जखमा बहुधा चेहऱ्यावर, नाकपुड्यांच्या मांसल भागावर असतात. पिंजऱ्यावर टाकलेल्या कापडाचा सुटा दोरा बोटाला गुंडाळला गेल्यास बोट आधी सुजते, मग काळे पडते आणि शेवटी गळून पडते. ते पाहून कुणालाही वाटेल की कुणी तरी ते तोडले.

काकाकुव्याची जखम सहसा यापेक्षा वेगळी असते. बोट फाटलेले नसते, चेचलेले असते. नख समूळ निघालेले असते आणि आजूबाजूची पिसे जागची हललेली नसतात. यापुढे जखम शरीराच्या कोणत्या भागावर आहे त्यावरून गाठ कुठे पडली, याचा बऱ्यापैकी नेमका अंदाज येतो. पुढच्या दोन बोटांना इजा असेल तर लहान पक्षी काकाकुव्याच्या पिंजऱ्यावर जाऊन बसला होता असे समजावे. पंखाचे टोक किंवा शेपटी कापलेली असेल तर रात्री दोन पिंजरे एकमेकांना टेकलेले, किंवा टेकण्याइतके जवळ होते. चोचीला किंवा कपाळाला इजा असेल तर दोघे गजांआडून समोरासमोर आले होते, आणि बहुतेक वेळा मध्ये खाण्याची वाटी होती. एका साध्या वहीत दिवस, वेळ, जखमेची जागा आणि त्या दिवशी कोण बाहेर होते एवढे लिहीत गेल्यास दोन-तीन घटनांतच चित्र स्पष्ट होते. वहीत वेळ लिहिणे विशेष महत्त्वाचे आहे. नाही तर आठवणीत सगळ्याच घटना ‘सकाळी दिसल्या’ एवढ्याच उरतात.

सर्वांत मोठा दोषी: पिंजऱ्याचे छत

ही समस्या पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या घरांत मी जिथे जिथे लक्षपूर्वक पाहिले, तिथे बहुतेक ठिकाणी जखमा पुढच्या बोटांवरच होत्या. त्यामागचा क्रम असा असतो. काकाकुवा आपल्या पिंजऱ्यात असतो आणि बजरीगारांना खोलीत फिरायला सोडलेले असते. काकाकुव्याचा पिंजरा खोलीतली सर्वांत उंच आणि सर्वांत प्रशस्त वस्तू असतो, आणि लहान पक्ष्याला उंच जागेवर उतरण्याची उपजत ओढ असते. शिवाय मोठ्या पक्ष्याने अर्धवट टाकलेले सफरचंदाचे किंवा मक्याचे तुकडे त्या पिंजऱ्यात पडलेले असतात. बजरीगार छतावर उतरतो, त्याची बोटे गजाभोवती वळतात आणि त्यांची टोके आतल्या बाजूला जातात. आतला काकाकुवा क्षणभर अगदी स्तब्ध होतो, तुरा खाली घेतो, मान वाकडी करून वर एका डोळ्याने पाहतो आणि मग पायांनी नव्हे, चोचीने गज धरून सावकाश वर सरकतो. त्याच्या या हालचालीत आक्रमणाचे कोणतेही लक्षण नसते. ना फुत्कार, ना पंख पसरणे. म्हणूनच समोर बसलेल्या माणसालाही पुढे काय होणार हे वेळेवर कळत नाही. माणूस उठून तिथे पोहोचेपर्यंत सारे आटोपलेले असते.

उपाय असा की काकाकुव्याच्या पिंजऱ्याच्या छतावर लहान पक्ष्याला बसताच येऊ नये, किंवा बसला तरी त्याची बोटे आत पोहोचू नयेत. छतावर पिंजऱ्यापेक्षा चारही बाजूंनी वीतभर बाहेर येणारा जाड ॲक्रिलिकचा किंवा गुळगुळीत प्लायचा पत्रा गजांपासून थोडा उंच, ठोकळ्यांवर बसवावा. कापड टाकून हे काम भागत नाही. काकाकुवा ते आतून ओढून घेतो, चघळतो आणि त्याचे धागे त्याच्याच पोटात जाण्याचा नवा धोका निर्माण होतो. प्लायला रंग किंवा पॉलिश लावू नये, कारण आज ना उद्या काकाकुवा त्याची कड गाठणारच. बाजूच्या गजांवर लहान पक्षी लटकत असतील तर त्या बाजूंना बाहेरून, गजांपासून सुमारे तीन बोटे अंतर सोडून, बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी लावावी. एकच जाळी गजांना चिकटवून लावण्याची पद्धत निरुपयोगी आहे, कारण काकाकुव्याची जीभ आणि चोचीचे टोक दोन्ही गजांबाहेर येतात.

त्याच वेळी लहान पक्ष्यांना त्याहून उंच आणि अधिक आवडेल अशी दुसरी जागा द्यायला हवी, आणि हे केले नाही तर वरचे सगळे उपाय अर्धेच राहतात. खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यात, तुळईजवळ, पेरूच्या सालीसकट फांद्यांचा एक झुलता मांडव बांधावा आणि त्यावर राळ्याची कणसे लटकवावीत. बजरीगार काही दिवसांत तिथेच उतरू लागतात. पक्ष्याला एखाद्या जागेवरून हाकलत राहण्यापेक्षा दुसऱ्या जागेकडे वळवणे फार सोपे जाते.

येथे गजांमधल्या अंतराचाही विचार करावा. बजरीगाराच्या पिंजऱ्यात गजांमधले अंतर बारा मिलिमीटरच्या आसपास असते. काकाकुव्याच्या पिंजऱ्यात ते पंचवीस मिलिमीटरच्या पुढे जाते आणि तेवढ्या फटीतून बजरीगार किंवा फिंच सहज आत शिरतो. खाण्याच्या ओढीने आत गेलेला लहान पक्षी बहुतेक वेळा जिवंत बाहेर येत नाही. काकाकुव्याची वाटी आणि ट्रे साफ केल्याशिवाय लहान पक्ष्यांना मोकळे सोडू नये, हा नियम त्यासाठीच आहे.

कड्या, खारी हवा आणि काकाकुव्याची बुद्धी

जखमा काही काळ थांबून अचानक गंभीर स्वरूपात परत आल्या, तर कड्या तपासाव्यात. व्हिएन्नाच्या संशोधकांनी गॉफिन जातीच्या काकाकुव्यांपुढे पारदर्शक दाराची एक पेटी ठेवली होती. आत काजू होता आणि दाराला एकामागून एक उघडावी लागणारी पाच वेगवेगळी कुलपे होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातल्या एका पक्ष्याने कुणीही न शिकवता, दोन तासांहून कमी वेळात ती सगळी उघडली. इतरांपैकी काहींनी पाहून किंवा टप्प्याटप्प्याने शिकून तेच केले. सिडनीच्या उपनगरांत पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे कचऱ्याच्या डब्यांची झाकणे उघडायला एकमेकांकडून शिकले, हेही २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे. अशा पक्ष्यापुढे नुसती सरकती खिट्टी किंवा हुक म्हणजे बंदोबस्त नव्हे.

आपल्या किनाऱ्यावर त्यात खाऱ्या हवेची भर पडते. स्प्रिंगची कडी एका पावसाळ्यात गंजते, पूर्ण मिटत नाही आणि बाहेरून मात्र बंद दिसते. काकाकुवा दिवसभर ती जिभेने ढकलून पाहत असतो, त्यामुळे ती सैल झाल्याचे त्याला आपल्या आधी कळते. गिर्यारोहक वापरतात तसे स्क्रूचे कॅराबिनर किंवा लहान कुलूप दोन्ही पिंजऱ्यांना लावावे. धातू निवडताना शक्य असेल तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे; मिठाच्या हवेत ते ३०४ दर्जापेक्षा अधिक टिकते. स्वस्त गॅल्व्हनाइझ्ड जाळी टाळावी, कारण तिच्यावरचे जस्त चघळून काकाकुव्याला विषबाधा होते. पिंजऱ्यांच्या कड्या वर्षातून दोनदा, आगोटीला आणि पाऊस ओसरल्यावर, हाताने ओढून पाहाव्यात.

कोण कधी बाहेर

दोघांना एकाच वेळी मोकळे सोडू नये, हे बहुतेकांना माहीत असते. त्यापुढचा नियम मात्र फारसा पाळला जात नाही: एक गट मोकळा असताना दुसऱ्या गटाचा पिंजरा त्याच खोलीत नसावा, आणि मधले दार कडी लावून बंद असावे. घर लहान असेल तर किमान काकाकुव्याची बाहेर येण्याची वेळ आधी आणि लहान पक्ष्यांची नंतर ठेवावी. भरपूर हिंडून, खाऊन, नारळाच्या करवंटीचा आणि सोडणाचा मनसोक्त चुरा करून परतलेला काकाकुवा लहान पक्ष्यांकडे फारसे लक्ष देत नाही. सकाळपासून कोंडलेला मात्र त्यांच्याकडे टक लावून बसतो. एका दिवशी कोंडलेपणाने आलेली ही अस्वस्थता दुसऱ्या दिवशीही टिकते, असे माझे निरीक्षण आहे.

पावसाळ्यात जखमा वाढण्याचे खरे कारण बहुधा येथेच असते. उन्हाळ्यात काकाकुवा पडवीत बसून माड, कावळे आणि येणारी-जाणारी माणसे पाहत असतो. झड लागली की तोच पक्षी अंधाऱ्या माजघरात दिवसचे दिवस काढतो आणि त्याच्या नजरेसमोर हलणारी एकमेव गोष्ट म्हणजे बजरीगारांचा पिंजरा. म्हणून पावसाळ्यासाठी चघळण्याचे सामान आधीच साठवावे: झावळीचे वाळवलेले दांडे, करवंट्या, बांबूची पेरे, पुठ्ठ्याची खोकी. दमट झालेल्या सामानावर बुरशी दिसली तर ते फेकून द्यावे. शेंगदाण्यांच्या बाबतीत तर अधिक कडक राहावे. पावसाळ्यात सालीसकटच्या शेंगांना आतून बुरशी लागते आणि तिचे विष यकृतावर जाते.

दोन पिंजऱ्यांमध्ये नजरेचा आडोसाही हवा. पूर्ण भिंत नसली तरी चालते. लहान पक्ष्यांच्या पिंजऱ्याचा एक कोपरा असा असावा की तिथे बसल्यावर त्यांना काकाकुवा दिसू नये. सतत शिकाऱ्यासारखी नजर आपल्यावर रोखलेली आहे, या अवस्थेत राहणारे बजरीगार कमी खातात, रात्री दचकून उडतात आणि त्या धडपडीतही पाय मोडून घेतात. कॉकटेल जातीत रात्रीची ही घबराट विशेष असते. वादळी रात्री, वीज गेलेली असताना, काकाकुव्याच्या एका किंकाळीने सगळा पिंजरा फडफडू लागतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तशा वादळांतल्या रात्रींसाठी बॅटरीवर चालणारा मंद दिवा लहान पक्ष्यांजवळ असलाच पाहिजे.

वर्षातून काही काळ काकाकुव्याचा स्वभावच बदलतो, हेही ध्यानात ठेवावे. घरट्याच्या हंगामात तो कपाटामागचे अंधारे कोपरे शोधतो, खोक्यात शिरून बसतो, ठरावीक माणसाशिवाय इतरांना चावतो. अशा वेळी त्याला पाठीवर आणि पंखांखाली कुरवाळणे थांबवावे, केवळ डोके खाजवावे, अंधाऱ्या पोकळ्या बंद कराव्यात आणि रात्रीची अखंड झोप दहा-बारा तासांची करावी. त्या काळात लहान पक्ष्यांना त्याच्या खोलीतून पूर्णपणे हलवावे.

पांढरी भुकटी

हा वेगळा प्रश्न वाटला तरी जखमांशी त्याचा संबंध आहे. काकाकुव्याच्या अंगावर भुकटीची विशेष पिसे असतात. त्यांच्या टोकांचा सतत चुरा होतो आणि तो पंख झटकताच हवेत उडतो. काळ्या छत्रीवर किंवा टीव्हीच्या पडद्यावर एका दिवसात पिठासारखा थर बसतो, इतके त्याचे प्रमाण असते. लहान पक्ष्यांचा श्वास जलद असतो, त्यांची फुप्फुसे आणि हवेच्या पिशव्या नाजूक असतात, आणि बंद दारांच्या पावसाळी घरात ही भुकटी, ओलावा आणि बुरशीचे बीजाणू एकत्र आले की शिंका, धाप, शेपटीची वर-खाली हालचाल अशी लक्षणे दिसू लागतात. अशा रीतीने अशक्त झालेला पक्षी उडताना लवकर दमतो आणि जवळात जवळच्या वस्तूवर, म्हणजे पुष्कळदा काकाकुव्याच्या पिंजऱ्यावरच, उतरतो. छतावर पत्रा बसवूनही पक्षी तिथे आदळत असतील तर त्यांचा श्वास तपासून घ्यावा.

खोलीची मांडणी वाऱ्याच्या दिशेवरून ठरवावी. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून लहान पक्षी पश्चिमेच्या अंगाला, परंतु पावसाच्या फवाऱ्यापासून आत, आणि काकाकुवा पूर्वेच्या अंगाला ठेवावा. त्याच्या बाजूच्या खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा असावा. थंडीच्या दिवसांत रात्री मतलई वारे जमिनीकडून वाहतात तेव्हा हीच मांडणी उलटी पडते, म्हणून त्या दिवसांत रात्री मधले दार बंद ठेवावे. केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. काकाकुव्याला सकाळी साध्या पाण्याचा फवारा द्यावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो कोरडा होतो आणि भुकटी पुष्कळ कमी होते. हवा शुद्ध करण्याचे यंत्र घ्यायचे असेल तर बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचे घ्यावे, ओझोन सोडणारे नको. घरात कुणाला कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली तर डॉक्टरांना पक्ष्यांविषयी आवर्जून सांगावे. पक्ष्यांच्या भुकटीने माणसाच्या फुप्फुसांना कायमची सूज येऊ शकते.

भुकटीबरोबर रोगही पसरतात. चोच आणि पिसे विद्रूप करणारा सर्कोव्हायरस काकाकुव्यांमध्ये आढळतो आणि पिसांच्या धुळीतून बजरीगारांपर्यंत पोहोचतो. नवा पक्षी, मग तो मोठा असो की लहान, किमान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याची भांडी वेगळी असावीत, आणि रक्ताची किंवा पिसांची डीएनए तपासणी झाल्याशिवाय त्याला इतरांच्या हवेत आणू नये.

मैत्रीचा आग्रह

काकाकुवा आणि बजरीगार एका फांदीवर शेजारी बसल्याची चित्रफीत पाहून पुष्कळ जण आपल्याकडेही तसे घडावे म्हणून प्रयत्न करतात. मला या प्रयत्नांमागची माया समजते. पक्ष्यांवर प्रेम असणाऱ्यालाच तसे वाटते. परंतु कॉकटेल हा काकाकुव्याच्याच कुळातला असला, भाषा आणि तुऱ्याचे इशारे काहीसे सारखे असले, तरी शंभर ग्रॅमच्या पक्ष्याला अर्ध्या किलोच्या पक्ष्याबरोबर खेळताना चूक करायला वाव नसतो. बजरीगार तर काकाकुव्याचा तुरा वाचूच शकत नाही. महिनोन्महिने सुरळीत गेलेला सहवास एका दचकण्याने संपतो, आणि मागचा चांगला काळ पुढच्या क्षणाची हमी देत नाही. सोबत हवी असेल तर बजरीगाराला बजरीगाराची द्यावी आणि काकाकुव्याला माणसाचा वेळ द्यावा. या पक्ष्याला दिवसाचे काही तास माणूस लागतो. तो मिळाला नाही तर तो स्वतःची पिसे उपटू लागतो.

तरीही थांबले नाही तर

छत बंद केले, कड्या बदलल्या, वेळा वेगळ्या केल्या, आडोसा दिला आणि तरीही वहीत नवी जखम नोंदवावी लागली, तर दोन गटांची खोली वेगळी करण्याशिवाय पर्याय नाही. जांभ्याच्या भिंतीच्या घरात मागची पडवी तिन्ही बाजूंनी जाळी आणि ताडपत्रीने बंद करून काकाकुव्यासाठी स्वतंत्र जागा करता येते. तेही शक्य नसेल तर एका गटासाठी दुसरे घर शोधावे लागते, आणि माझ्या मते तो गट लहान पक्ष्यांचा असावा. काकाकुवा चाळीस-साठ वर्षे जगतो, एका माणसाला घट्ट धरून राहतो आणि घर बदलल्याने खचतो. बजरीगारांचा थवा आपल्या साथीदारांसह दुसऱ्या घरी गेला तर तुलनेने लवकर रुळतो.

काकाकुवाच दुसऱ्याकडे द्यायचा ठरला तर कागदपत्रे आधी पाहावीत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशी मूळ असलेल्या आणि साइट्सच्या, म्हणजे वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या, यादीत असलेल्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली असून २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पक्षी दुसऱ्याच्या ताब्यात देणे आणि त्याचा मृत्यू या गोष्टीही तिथे कळवाव्या लागतात. बजरीगार आणि कॉकटेल त्या यादीत नाहीत, काकाकुव्याच्या सर्व जाती आहेत. पक्षी घेणाऱ्याच्या घरी लहान पक्षी असतील तर पिंजऱ्याच्या छतावर बसवलेला तो पत्राही काकाकुव्यासोबतच द्यावा.